तळमजल्यावर बुडालेलं जहाज

माझं पहिलं जहाज चिपळुणात बुडालं. दवाखान्याच्या तळमजल्यावर, वेटिंग रूममधल्या काचेच्या कपाटात.

तारीख 22 जुलै 2021. त्या दिवशीच्या पुराबद्दल चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलेले, आणि खाली डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे मशीन, बावीस वर्षांची पेशंटांची कार्डं, सगळं चहाच्या रंगाच्या पाण्यात. जहाजाची आठवण मला चौथ्या दिवशी झाली. फावड्यानं चिखल ओढताना आडव्या पडलेल्या कपाटाखाली काहीतरी लाकडी लागलं. डोलकाठ्या मोडलेल्या, शिडांचं पोतेरं झालेलं आणि कुशीच्या फळ्या केळफुलाच्या पाकळ्यांसारख्या एकेक सुटून बाहेर वळलेल्या. नवरा म्हणाला, "टाकून दे, चेअरचं काय ते बघ." चेअरचं बघितलंच, पण जहाजही धुऊन वरच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवलं.

लाकडी जहाजांची मॉडेल्स करणाऱ्याला पहिल्या मॉडेलनंतर एक प्रश्न हटकून पडतो. पुढचं जहाज पुन्हा किटवरून, म्हणजे तयार कापलेल्या भागांच्या खोक्यावरून करायचं, की स्क्रॅचपासून, म्हणजे लाकूड चिरण्यापासून सगळं आपलं आपण? मी या प्रश्नावर वर्षभर नुसती घोळत बसले असते. पुरानं माझा घोळ कमी केला, एवढं म्हणता येईल.

किटची गोष्ट आधी सांगते. 2020च्या लॉकडाऊनमध्ये दातांचे दवाखाने बंद होते. तोंडातून उडणारे तुषार म्हणजे थेट धोका. रोज आठ-दहा तास बारीक काम करणारे हात एकदम रिकामे झाले आणि माझी चिडचिड वाढली. वर्षभरापूर्वी हौसेनं मागवलेला किट तेव्हा कपाटावरून खाली आला. 14,000 रुपयांचा किट, वर पाठवणावळ आणि कस्टम ड्युटी धरून आणखी 6,000. जहाज होतं ब्लूनोज. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, लुनेनबर्गला 1921मध्ये पाण्यात उतरलेली दोन डोलकाठ्यांची मासेमारीची स्कूनर. शर्यतीही जिंकायची आणि कॉड मासाही भरून आणायची. 1937पासून ती कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे. खरी लांबी जवळपास 44 मीटर, 1:75च्या प्रमाणात माझ्या टेबलावर 58 सेंटिमीटर.

खोक्यात काय होतं? प्लायवूडचा लेझरनं कापलेला कणा, त्यावर बसणारे आडवे साचे, दीड मिलिमीटर जाड आणि पाच मिलिमीटर रुंद पट्ट्यांच्या जुड्या, अक्रोडाच्या पातळ पट्ट्या, बारीक कप्प्या, पितळी खिळे, दोरा, मोठाले नकाशे. आणि चार भाषांत छापलेली एक पुस्तिका, जिची इंग्रजी बहुधा पाचवी भाषा असावी. "फळी प्रेमाने वाकवावी" असं एका पानावर होतं. किती, कुठे, ओली की कोरडी, काही नाही.

किटवर मी पहिल्यांदा रडले ती प्लँकिंगच्या, म्हणजे कुशीवर फळ्या चढवण्याच्या वेळी. फळ्या सगळ्या पाच मिलिमीटरच्या. मला वाटलं, खालपासून वरपर्यंत एकाशेजारी एक चिकटवत जायचं. जहाजाच्या मध्यावर कुशीची अर्धी गोलाई मोजली तर 120 मिलिमीटर, म्हणजे 24 फळ्या. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाशी, तीच गोलाई 70 मिलिमीटर भरली. चोवीस फळ्या सत्तरमध्ये बसवायच्या तर प्रत्येकीला टोकाकडे तीनच्याही खाली आणायला हवं. हे पुस्तिकेत नव्हतं. मी आठ फळ्या बसवल्यावर त्या पुढे एकमेकींवर चढायला लागल्या आणि मग मला कळलं. आठही उचकटल्या, पुन्हा रंधल्या, गरम पाण्यात भिजवून इस्त्रीच्या टोकानं वाकवल्या. प्रेमानेच.

तरीही किटबद्दल माझी तक्रार नाही. जहाजाला कणा असतो, बरगड्या असतात, फळी मधे रुंद आणि टोकांना निमुळती असते, डोलकाठीला मागून-बाजूनं दोर का ताणलेले असतात, हे सगळं मला त्या खोक्यानं शिकवलं. सहा महिन्यांत जहाज उभं राहिलं. पेशंट पुन्हा यायला लागले तेव्हा कपाटातल्या ब्लूनोजकडे बघत तोंड उघडायचे. एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही केलंत?" मी "हो" म्हटलं आणि ते दिवसभर मनात टोचत राहिलं. माझे हात लागले होते, खरं. पण कोणती फळी किती जाड, साचा कुठे, डोलकाठी कितीशी मागे झुकलेली, यातला एकही निर्णय माझा नव्हता. क्राउन लॅबमधून येतो आणि मी बसवते. "हा दात तुम्ही केलात का" असं कोणी विचारलं तर मी काय सांगेन, तसलंच ते.

पुरानंतर ब्लूनोज दुरुस्त करायचं ठरवलं तेव्हा कंपनीला मेल लिहिला, नऊ फळ्या आणि दोन साचे हवेत म्हणून. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: सुटे भाग मिळत नाहीत, नवा किट घ्यावा. कंपनीचं नाव सांगत नाही, माल चांगला होता. मग साचे मीच प्लायवर जुन्या तुकड्यांवरून गिरवून कापले. फळ्यांसाठी ओळखीच्या फर्निचरवाल्याकडे गेले. त्याच्याकडे शिवणीच्या लाकडाचा सहा सेंटिमीटर रुंद तुकडा होता. मी हिशेब केला, दीड मिलिमीटरची एक, म्हणजे चाळीस पट्ट्या. त्यानं गोल करवत लावली आणि माझ्या हातात तेरा पट्ट्या ठेवल्या. बाकीचं लाकूड करवतीच्या पात्यानं खाल्लं होतं. प्रत्येक चिरेला तीन मिलिमीटर. पट्टी दीडची आणि भुसा तिनाचा. बारीक दातांचं पातळ पातं मागवावं लागतं, हे मला त्या भुशात उभं राहून समजलं.

पण त्या नऊ फळ्या बसवताना एक गंमत झाली. उघड्या पडलेल्या जहाजाच्या आत मला पहिल्यांदा नीट बघता आलं. किट जोडताना आपण आतून बाहेर जातो, पुढची पायरी आली की मागची झाकली जाते. पुरानं ते उलटं करून दाखवलं. पांढरा गोंद पाण्यात मऊ पडला होता, पण जिथे मी फळी नीट वाकवून, जबरदस्ती न करता बसवली होती तिथे ती सुटली नव्हती. जिथे क्लिप लावून, दाबून, ताणून बसवली होती तिथली प्रत्येक फळी आपल्या मूळ सरळपणाकडे परत गेली होती. ब्रेसेस लवकर काढले की दात जातात तशी.

आता पुढचं जहाज. मनात दोन होती. एक म्हणजे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं व्हिक्टरी, 104 तोफांचं, 1765मध्ये पाण्यात उतरलेलं. त्याचे किट भरपूर मिळतात आणि ते पूर्ण करायला लोकांची तीन-चार वर्षं सहज जातात. दुसरं, मराठी माणसाला सुचणारच असं, आंग्र्यांचं गुराब, म्हणजे त्यांच्या आरमारातलं शिडाचं लढाऊ जहाज.

गुराबानं मला स्क्रॅचकडे ढकललं आणि गुराबानंच माघार घ्यायला लावली. त्याचा किट मला कुठे दिसला नाही. म्हणजे स्क्रॅच. स्क्रॅचला नकाशा लागतो, आणि इथे सगळं अडतं. आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी 1756मध्ये विजयदुर्गच्या बंदरात जळालं. आपल्याकडचे कारागीर कागदावर रेषा मारून जहाज बांधत नसत, त्यामुळे मोजायला जहाज नाही आणि गिरवायला आराखडा नाही. उरतात ती परक्यांनी केलेली वर्णनं आणि चित्रं: पुढे लांब निमुळती नाळ, दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढच्या बाजूला तोफा. यावरून कुशीची गोलाई सांगणं म्हणजे पेशंटच्या बारशाचा फोटो बघून कवळी करणं. गुराबाची सुंदर मॉडेल्स लोक करतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मला प्रत्येक मापाला "हे कशावरून?" विचारायची खोड आहे आणि गुराबाच्या बाबतीत उत्तर "मला वाटलं म्हणून" असंच आलं असतं.

उलट टोकाचं उदाहरण आहे एचएमएस ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली फ्रिगेट, म्हणजे वेगवान लढाऊ जहाज, 1817मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे आराखडे ज्या जावा नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते, ते जहाज 1812च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी लढाईत हरवलं आणि जाळून टाकलं. आराखड्याची नवी प्रत पाठवावी लागली. म्हणजे खरं जहाज बांधणारेसुद्धा नकाशाच्या पार्सलची वाट बघत बसले होते, हे वाचून मला फार बरं वाटलं. पण 46 तोफांची फ्रिगेट हे माझं पहिलं स्क्रॅच मॉडेल होणार नव्हतं. माझी पन्नाशी उलटली आहे.

तोडगा दाभोळला सापडला. मावसबहिणीकडे गेले होते. खाडीच्या काठाला, माडांखाली, एक जुना छोटा मचवा टेकूवर कललेला होता. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बावीस फूट. पूर्वी शिडावर चालायचा, पुढे फायबरची होडी आली आणि हा पडून राहिला. मुद्दाम ठरवून नाही, पण ती खाडी म्हणजे वाशिष्ठीचंच मुख. जिनं माझं जहाज बुडवलं तीच नदी इथे समुद्राला मिळते.

मचव्याचे मालक सत्तरी ओलांडलेले तांडेल. सगळे त्यांना तांडेलमामा म्हणतात, मीही म्हणायला लागले. मी टेप, ओळंबा, गुण्या आणि वही घेऊन पहिल्या रविवारी गेले तेव्हा ते जाळं शिवत बसले होते.

"काय गो डॉक्टर, होडीचे दात बघतेस?"

"मापं घेत्ये मामा. लहान होडी करणार आहे अशीच."

"घे घे. पळून नाय जायची ती."

पहिला रविवार फुकट गेला. मी ओळंबा सोडून दर दोन फुटांवर कुशीचं अंतर घेत गेले. घरी आलेख-कागदावर मांडलं तर मचवा एका बाजूला जलोदर झाल्यासारखा दिसत होता. कारण साधं होतं: मचवा पंधरा अंश कललेला आणि माझा ओळंबा सरळ जमिनीकडे. मापं जमिनीच्या हिशेबात होती, मचव्याच्या नव्हे. पुढच्या रविवारी बांबूच्या दोन काठ्या गुण्यानं काटकोनात बांधून त्यांची चौकट थेट मचव्याच्या कण्याला आवळली आणि मग मापं चौकटीपासून घेतली. कण्याला मामा "पठाण" म्हणाले तेव्हा मी क्षणभर आजूबाजूला कोण आलं ते बघितलं. बरगडी म्हणजे वांक, मागचं टोक म्हणजे वराम. वही मापांपेक्षा शब्दांनी जास्त भरली.

नाळेच्या टोकाची गोलाई टेपनं घेता येईना. मग मी दवाखान्यातली सिलिकॉनची पुट्टी नेली आणि जबड्याचा घेतो तसा नाळेचा मोल्ड घेतला. तिच्या किमतीबद्दल घरी जे झालं ते इथे नको.

चार रविवारांत तक्ता पूर्ण झाला. घरी आलेखावर ठिपके मांडून त्यांवरून लवचीक प्लास्टिकची पट्टी टाचण्यांनी वाकवायची. पट्टी जिथे अडखळेल तिथे माप चुकलंय. तिनं माझ्या तीन चुका पकडल्या. चौथी चूक मात्र पकडली जाईना: डावी कूस उजवीपेक्षा चार सेंटिमीटर जास्त फुगलेली. मी पुन्हा दाभोळला.

मामांनी उठून बघण्याचीही तसदी घेतली नाही. "आधीपासूनच हाय ती. बांधताना त्या अंगाची फळी तशीच मिळाली. पाण्यात कळायचा नाय." वर पुढे म्हणाले, "मंग पडून पडून आणखी बसली आसंल."

म्हणजे कारागिराचं वाकडेपण किती आणि पडून राहिल्याचं किती, हे कोणालाच माहीत नाही. किटमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथली दोन्ही अंगं संगणकानं आरशासारखी सारखी केलेली असतात. मी आठवडाभर विचार केला आणि शेवटी लबाडी केली. उजवी बाजू खरी धरली आणि डावीकडे तीच उलटी गिरवली.

प्रमाण 1:20 घेतलं. मचवा साडेतेहतीस सेंटिमीटरचा झाला. एक इंचाची फळी म्हणजे सव्वा मिलिमीटर, सहा इंच रुंदीची म्हणजे साडेसात. आता लाकूड. खरा मचवा सागाचा, म्हणून मी पुरात भिजलेल्या चौकटीचा साग जपून ठेवला होता. तो कामाचा नव्हता. सागाच्या रेषा आणि छिद्रं ठळक असतात. लाकूड वीसपट लहान केलं तरी रेषा लहान होत नाहीत, मग फळी फळीसारखी न दिसता दाराच्या तुकड्यासारखी दिसते. शिवाय साग तेलकट, गोंद नीट धरत नाही. परदेशात यासाठी बॉक्सवूड, पेअर वापरतात. आपल्याकडे हेद आहे. पिवळसर, घट्ट, रेषा जवळजवळ न दिसणारं. जुन्या काळी गिरण्यांच्या बॉबिनी आणि फण्या त्याच्या व्हायच्या. पाच गावं फिरल्यावर एका सुतारकाकांकडे जुन्या खोडाचा तुकडा मिळाला. पैसे देऊ केले तर म्हणाले, "लाकडाचे नकोत, चिराईचे दे." मला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातली ती आरमाराच्या लाकडाची जागा आठवली. आंबा-फणसाला हात लावू नये, रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झालेलं झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग लाकडाचेही दे."

बांधणी उलटी केली. एमडीएफचे अकरा साचे पालथ्या पाटावर उभे केले, त्यांवर सेलोटेप लावला म्हणजे गोंद धरणार नाही, आणि फळ्या वरून चढवल्या. ब्लूनोजच्या चोवीस फळ्यांचं रडणं इथे कामी आलं. प्रत्येक फळी किती निमुळती करायची ते आधी कागदाच्या पट्टीनं साच्यांवर मोजून घेतलं. किट न करता थेट इथे आले असते तर पहिल्याच अंगावर सोडून दिलं असतं, याबद्दल मला शंका नाही. ज्यांनी एकही किट केलेला नाही आणि ज्यांना एकदम स्क्रॅच करायचंय, त्यांना मी दहापैकी नऊ वेळा किटच घ्यायला सांगते. दहावा सुतार असतो.

गोंद या वेळी दोन भागांचा इपॉक्सी. पूर डोक्यात होता. खिळ्यांच्या जागी ऑर्थोची, म्हणजे ब्रेसेसची, अर्ध्या मिलिमीटरची तार कापून घातली, 412 तुकडे. वांक वेताच्या चिरफळ्या भिजवून वाकवले. आणि नांगर! चार नख्यांचा नांगर मी मेणात कोरला आणि आमच्या लॅबवाल्याला दिला. तो कवळीच्या सांगाड्यांसाठी कोबाल्ट-क्रोम ओततो. त्यानं नांगर ओतून, पॉलिश करून, कवळीच्या डबीत घालून पाठवला, वर चिठ्ठी: "पेशंटचं नाव लिहायचं राहिलंय."

स्क्रॅच स्वस्त पडतं, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. हेद आणि चिराई 900. पातळ पातं, छोटं ड्रिल, दोन रंधे, पकडी मिळून 11,000. दाभोळच्या सात फेऱ्यांचं पेट्रोल. पुट्टीचा आकडा मी लिहिलेला नाही. वेळ अकरा महिने, त्यातले चार महिने लाकडाला हातही लागला नव्हता, नुसती मापं आणि रेषा. ज्याला करवत हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही त्याला हे चार महिने मारून टाकतील. मला ते सगळ्यात जास्त आवडले.

व्हिक्टरीचा किट अजूनही अधूनमधून बघते. मुलगा म्हणतो, घेऊन टाक. बहुतेक घेईन, पण त्यातल्या तोफा मी ओतून घेणार.

मागच्या दिवाळीनंतर मचवा घेऊन दाभोळला गेले. अळशीच्या तेलाचा हात मारून झाला होता. मामांनी तो दोन्ही हातांत धरून नाळेकडून एक डोळा मिटून बघितला, पठाणावरून अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत. मग आत गेले आणि पाण्यानं भरलेलं घमेलं घेऊन आले.

"मामा, नको, तो शोभेचा आहे..."

तोवर मचवा पाण्यात होता. गळला नाही. पण स्थिर झाल्यावर तो किंचित डाव्या अंगाला कलला. मी खाली बसून बघितलं, दोन्ही अंगं सारखी गिरवलेली, तरी कलला होता. एका बाजूला इपॉक्सी जास्त गेलं असावं.

मामांनी अंगणातले दोन खडे उचलून आत उजव्या कुशीला ठेवले. मचवा सरळ झाला.

"नीरम घालायचा विसरलीस," ते म्हणाले.

ते दोन खडे, म्हणजे माझ्या मचव्याचा नीरम, अजून त्यातच आहेत. कपाट मात्र आता वरच्या मजल्यावर आहे.